‘गाडीचाच पंप बसवा, झालं!’ नाही होत

कांदिवलीच्या गच्चीवर अमोल यादव यांनी बांधलेलं विमान २०१६ मध्ये बीकेसीत लोकांनी पाहिलं आणि घरी विमान बांधायचं वेड आपल्याकडेही अनेकांना लागलं. पाठोपाठ फुकटचे सल्ले आलेच. ठाणे-नवी मुंबईतल्या हौशी मंडळींच्या मोबाइलवर सध्या एक संदेश फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: इंधन व्यवस्थेचा बाऊ करू नका. गाडीचा इलेक्ट्रिक पंप लाख किलोमीटर चालतो, तोच बसवा. पंख आणि त्यांतल्या टाक्या वर असतील तर पंपही नको, पेट्रोल आपोआप उतरतं. फिल्टर दोन-चार लावा. पेट्रोल कोपऱ्यावरचं चालतं. विमानाचे म्हणून विकतात ते पार्ट म्हणजे निव्वळ लूट.

पंपाबद्दलचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि तीच अडचण आहे. गाडीचा पंप दणकट असतोच. पण तो असतो कुठे? टाकीत, पेट्रोलमध्ये बुडालेला. त्यामुळे तो थंड राहतो आणि साधारण ३ बार दाबाने पेट्रोल पुढे ढकलतो. आपली मंडळी रबाळ्याच्या फॅब्रिकेटरकडून ब्रॅकेट करून घेतात आणि तोच पंप फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि कॉकपिट यांच्यामधल्या भिंतीवर, इंजिनाच्या धगीत, टाकीपेक्षा उंचावर बसवतात. आता त्याला पेट्रोल ओढावं लागतं. ओढताना नळीतला दाब उतरतो, दाब उतरला की पेट्रोल कमी तापमानालाच उकळतं आणि मे महिन्याच्या दुपारी नळीत वाफ धरते. पंप फिरत राहतो, इंजिन मात्र उपाशी. यालाच व्हेपर लॉक म्हणतात. म्हणजे गाडीच्या पंपाचा भरवसा ज्या जागेमुळे होता, ती जागाच सोडून दिली. शिवाय रोटॅक्स ९१२ या हलक्या विमानांच्या इंजिनाच्या कार्ब्युरेटरला (पेट्रोल-हवेचं मिश्रण करणाऱ्या भागाला) ०.१५ ते ०.४ बार एवढाच दाब लागतो. ३ बारने तो ओसंडून वाहील. पंप कमी दाबाचा घ्या, टाकीजवळ आणि खालच्या पातळीवर बसवा. इंजिनावरचा यांत्रिक पंप असला तरी हा दुसरा हवाच, स्वतंत्र फ्यूजवर. घोडबंदर रोडवर गाडी बंद पडली तर मागचे हॉर्न वाजवतात; टेकऑफनंतर तीनशे फुटांवर ती सोय नाही.

गुरुत्वाकर्षणावर माझाही विश्वास आहे. वर पंख असलेल्या विमानात ती सगळ्यात साधी व्यवस्था. पण ‘आपोआप’ हा शब्द मला मान्य नाही. चढताना नाक वर जातं, टाकी आणि कार्ब्युरेटर यांच्या उंचीतला फरक कमी होतो, आणि इंजिनाची भूक तेव्हाच सर्वाधिक असते. म्हणून अमेरिकी नियमांत गुरुत्वावरच्या व्यवस्थेला टेकऑफच्या गरजेच्या १५० टक्के प्रवाह मागितला जाई, पंपाच्या व्यवस्थेला १२५ टक्के. शंभर अश्वशक्तीचं रोटॅक्स ९१२ पूर्ण जोरावर तासाला २७ लिटरच्या आसपास पितं. म्हणजे गुरुत्वावर ४० लिटर उतरलं पाहिजे. हे मोजता येतं. शेपटी खाली करून विमान चढाच्या कोनात ठेवा, टाकीत अगदी थोडं पेट्रोल ठेवा, कार्ब्युरेटरपाशी नळी सोडवा आणि मोजपात्र व घड्याळ घेऊन बसा. उघड्यावर, अर्थिंग करून, अग्निशामक शेजारी ठेवून. घरी बांधलेल्या विमानांच्या अपघातांचा अभ्यास करून अमेरिकेच्या एनटीएसबी या अपघात-तपास संस्थेनेही २०१२ मध्ये इंधन व्यवस्थेच्या अशा चाचणीचा आग्रह धरला. टाकीचा व्हेंट, म्हणजे हवा आत येण्याचं भोकही तपासा. कुंभारीण माशी त्यात मातीचं घर करते. हवा आत गेली नाही की पेट्रोल खाली येत नाही.

पंख खाली असतील तर दोन्ही टाक्या एकदम उघडणारा व्हॉल्व्ह नको, कारण रिकाम्या टाकीतून पंप हवाच ओढतो. डावी किंवा उजवी, एका वेळी एकच. आणि त्याची मूठ हाताशी हवी. १९९७ मध्ये गायक जॉन डेन्व्हर ज्या घरी बांधलेल्या लाँग-ईझी विमानाच्या अपघातात गेले, त्यात बांधणाऱ्याने ही मूठ मूळ आराखड्यातली जागा सोडून वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवली होती. ती फिरवायला मागे वळताना ताबा सुटला, असा तपासाचा निष्कर्ष. त्या संदेशात व्हॉल्व्हचा उल्लेखच नाही.

फिल्टरचं उत्तर सोपं: टाकीच्या तोंडाशी जाड जाळी, बारीक फिल्टर पंपानंतर. पंपाआधी बारीक फिल्टर लावलात तर व्हेपर लॉकला आमंत्रण.

कोपऱ्यावरचं पेट्रोल आता ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. रोटॅक्स ९१२ ला इथेनॉल १० टक्क्यांपर्यंतच चालतं. इथेनॉल पाणी शोषतं आणि ते पेट्रोलमध्ये विरघळवून ठेवतं, त्यामुळे उड्डाणाआधी तळातून काढलेला नमुना स्वच्छ दिसतो. पाणी प्रमाणाबाहेर गेलं, किंवा गार पडलं, की पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो, नेमका नळीच्या तोंडाशी. ठाण्याच्या पावसाळ्यात अर्धी टाकी महिनाभर उभी ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. काही रबरं आणि फायबरग्लासच्या टाकीतली काही रेझिनंही इथेनॉलने मऊ पडतात.

राहिली लूट. किमती जास्त आहेत, वाद नाही. पण वागळे इस्टेटच्या गॅरेजमधलं फ्लेअरिंग टूल (नळीचं तोंड फाकवण्याचं हत्यार) ४५ अंशांचं असतं, विमानाच्या एएन फिटिंगचा, म्हणजे नळ्या जोडणाऱ्या सांध्याचा, कोन ३७. आवळलं की बसल्यासारखं वाटतं, पण पकड कडेवरच असते आणि थरथराटात गळती सुरू होऊ शकते. पैसे वाचवायचेच असतील तर रेडिओ जुना घ्या, सीटची गादी पुढच्या वर्षी शिवा.