'तापणारच ना सर, गेमिंग लॅपटॉप आहे!'

प्रोसेसर ९८ डिग्रीवर, वेग ४.२ गिगाहर्ट्झवरून २.६ वर आपटलेला, पंख्याचा आवाज हेडफोनच्या आत. आणि सर्व्हिस सेंटरच्या जॉबशीटवर काय खरडून आलंय? 'तापमान मर्यादेत. दोष आढळला नाही.'

तपासलं कसं, ते ऐका. २२ डिग्रीच्या एसीत, काचेच्या काउंटरवर, यूट्यूब लावून. अहो, व्हिडिओ उलगडायला चिपमध्ये वेगळा छोटा भाग असतो, प्रोसेसर तेव्हा जांभया देत बसतो. तेवढ्यात ५० डिग्रीसुद्धा होणार नाहीत, ९८ कुठून दिसणार? सोबत तापमान नोंदवणाऱ्या एचडब्ल्यूइन्फो ॲपची लॉग फाइल दिली होती, थर्मल थ्रॉटलिंगच्या, म्हणजे तापल्यामुळे वेग कापल्याच्या रकान्यात ओळीने 'येस', 'येस', 'येस'. ती उघडायचेही कष्ट नाहीत. वर पोरगा सांगतो, 'सर, १०० पर्यंत चालतं.' चालतं म्हणजे? १०० ला चिप स्वतःचा जीव वाचवायला वेग कापते. १०४ ताप असलेला माणूससुद्धा चालतोच की भिंतीला धरून!

आणि शेवटचा सल्ला: 'एसीत बसून खेळत जा.' नागपुरात, मे महिन्यात, कूलरच्या खोलीत ३५-३६ डिग्री असतात हो. बहुतेक लॅपटॉपांच्या कागदांवर बारीक अक्षरांत वापराचं तापमान ३५ पर्यंतच छापलेलं असतं. म्हणजे एप्रिल ते जून विदर्भात हे यंत्र कागदोपत्रीच शोपीस. हे विकताना कोणी बोललं का?

विकताना बोलतात ते वॅट. प्रोसेसर ४५ वॅटचा म्हणे. आय७-१२७००एच घ्या, ४५ हा आकडा मूळ वेगाचा. टर्बोत, म्हणजे वेग चढवला की, तोच ११५ वॅट ओढतो. शेजारी आरटीएक्स ४०६० ही ग्राफिक्स चिप, जी लॅपटॉप बनवणारा ३५ पासून ११५ वॅटपर्यंत कुठेही बसवू शकतो आणि खोक्यावर नाव तेच. हे सगळं ज्यातून बाहेर पडायचं ती फट बोटभर रुंद, आणि हवा आत घ्यायची जाळी मशिनच्या पोटाशी, टेबलापासून चार मिलिमीटरवर. मागच्या पायांखाली बाटलीची दोन-दोन झाकणं ठेवली तरी काही डिग्री उतरतात. लाखाच्या वस्तूला जे सुचलं नाही ते दोन रुपयांच्या झाकणाला सुचतं.

बरं, एकसुरी आवाज असता तरी कान सरावले असते. पण नाही. विंडोजने मागे काहीतरी उघडलं की प्रोसेसरचा एक कोअर सेकंदभर ९५ ला उडी मारतो, पंखा लगेच किंचाळत मिनिटाला ५,००० फेऱ्यांवर, पाच सेकंदांत खाली, परत वर. व्ह्रूं... व्ह्रूं... चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या हीटसिंकच्या तांब्याला त्या सेकंदाची खबरही नसते, ते जेमतेम ६० ला असतं. फॅन कर्व्हमध्ये, म्हणजे किती तापलं की पंखा किती फिरवायचा त्या हिशोबात, थोडा विलंब टाकला, म्हणजे तापमान दहाएक सेकंद टिकल्याशिवाय वेग बदलू नये इतकंच केलं, तर अर्धा त्रास संपेल. आणि फेऱ्या १० टक्के कमी केल्या तरी आवाज दोनेक डेसिबलने उतरतो. पण सोबत आलेल्या ॲपमध्ये 'सायलेंट', 'बॅलन्स्ड', 'टर्बो' ही तीन बटणं आणि कीबोर्डच्या दिव्यांसाठी एक कोटी साठ लाख रंग!

अंडरव्होल्ट करावं, म्हणजे प्रोसेसरचं व्होल्टेज थोडं उतरवावं, तर तिथे कुलूप. २०१९ च्या डिसेंबरात प्लंडरव्होल्ट नावाची, व्होल्टेजशी खेळून हल्ला करायची युक्ती जाहीर झाली. हल्ला इंटेलच्या एसजीएक्सवर, म्हणजे चिपमधल्या गुपितांच्या तिजोरीवर, तोही मशिनवर ॲडमिन हक्क असतील तरच. झालं, बायोस अपडेट करून व्होल्टेज बदलणंच बंद. पुढे घरगुती कोअर चिपांमधून इंटेलने एसजीएक्सच काढून टाकलं. कुलूप बऱ्याच मशिनांवर अजून लटकतंय.

मग उरतं काय? पॉवर ऑप्शन्समध्ये मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट ९९ टक्के करा. बहुतेक इंटेल मशिनांवर टर्बो बंद होतो आणि १५-२० डिग्री सहज उतरतात. भार ग्राफिक्सवर असेल तर फ्रेम्स, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, फारशा पडत नाहीत. ग्राफिक्स चिपला आफ्टरबर्नर नावाच्या ॲपमध्ये कंट्रोल-एफ दाबून व्होल्टेज-वेगाचा कर्व्ह काढा: त्याच वेगाला ०.९५ ऐवजी ०.८५ व्होल्ट लागू पडला, तर व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबाने वीज २० टक्के कमी. गेम मधेच आपटला तर ०.८७५ करा. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमधून मॅक्स फ्रेम रेटला लगाम घाला, कारण नुसत्या मेनूच्या चित्रावर ३०० फ्रेम्स काढत बसणारे गेम आहेत. मेनू! तिथे हलतं काय, तर धूर.

हे सगळं जमलं की खेळ कोणता सुरू होता हेच आठवत नाही. स्क्रीनच्या कोपऱ्यात तापमान-वेगाचे सहा आकडे, नजर त्यांच्यावर, समोर ड्रॅगन आला तरी पहिलं वाक्य 'अरे वा, ७८!' आजूबाजूचे म्हणतात एवढा वेळ गेम खेळतो. कसला गेम, ही तर आयसीयूची ड्यूटी आहे.

निळ्या दिव्यांच्या कूलिंग पॅडबद्दल बोलूच नका. जे पॅड फोमने कडेकोट बसून हवा जाळीत कोंबतात ते कामाचे, बाकी शोभेचे.

आणि चिप व हीटसिंकच्या मधली पेस्ट. दीड-दोन वर्षांत गरम-गार होऊन पातळ पेस्ट चिपच्या मधून कडेला सरकते. पेस्टऐवजी लावायचं हनीवेलचं पीटीएम ७९५० साधारण ४५ डिग्रीला मऊ होऊन जागीच बसतं. हिशेबाने ते कारखान्यातच हवं. लावायला उघडाल तर आधी बॅटरीची पिन काढा. कुठला स्क्रू कुठे होता त्याचा फोटो ठेवा, लांब स्क्रू आखूड भोकात गेला की बोर्ड गेला. ब्लोअर मारताना पाती बोटाने धरा, पंखा भन्नाट फिरला तर बेअरिंगचं वाटोळं. धूळ पात्यांवर दिसते तेवढीच नसते. खरा नमद्यासारखा थर पंखा आणि जाळीच्या मधे असतो, पंखा सोडवल्याशिवाय तो दिसत नाही.

एवढं करूनही बेअरिंग खरखरायला लागलंच, तर नुसता पंखा मागून बघा. 'सर, सिंगल फॅन येत नाही. पूर्ण मॉड्यूलच घ्यावं लागेल.' दोन पंखे, सगळे हीटपाइप, जीएसटी वेगळा!