जंबो पिलासाठी मेला नाही

सध्या फिरणारी एक पोस्ट सांगते: सर्कशीतल्या जंबो हत्तीने रुळांवर अडकलेल्या पिलाला सोंडेने दूर लोटलं, समोरून येणाऱ्या इंजिनाला स्वतः धडक दिली आणि प्राण सोडला. मुलांचा लाडका, आनंदी असा हा 13 फुटी हत्ती जगातला सर्वांत मोठा होता आणि त्याच्यावरूनच ‘जंबो’ हा शब्द जन्माला आला.

ही गोष्ट पसरवली सर्कसवाल्या पी. टी. बार्नमने. थाप अगदी लोणकढी होती आणि ती तिकिटं विकण्यासाठी रचली होती.

15 सप्टेंबर 1885 रोजी कॅनडातल्या सेंट थॉमस गावात खेळ संपल्यावर हत्तींना रुळांवरून सर्कशीच्या डब्यांकडे नेत होते. तेवढ्यात एक मालगाडी आली. तिने आधी टॉम थंब नावाच्या लहान हत्तीला उडवलं; त्याचा पाय मोडला, पण तो जगला. मग गाडीने जिवाच्या आकांताने पळणाऱ्या जंबोला मागून गाठलं. इंजिनाला भिडण्याचा प्रश्नच नव्हता. टॉम थंब त्याचं पिल्लूही नव्हतं. हत्तींना रुळांवरून चालवलं कुणी, हे विचारायला हवं होतं. शौर्यकथेच्या गदारोळात तो प्रश्नच बुडाला. पुढे बार्नमने लंडनहून ॲलिस नावाची हत्तीण आणून ‘जंबोची विधवा’ म्हणून मिरवली, तेव्हा तर त्याने कळसच गाठला.

उंचीचंही तसंच. बार्नम 13 फूट सांगायचा, पण मृत्यूच्या वेळी जंबो साधारण साडेदहा फूट होता. मेल्यावर त्याचं कातडं भरतानाही, तो शक्य तितका मोठा दिसावा, अशी बार्नमची सूचना होती.

शब्दाबद्दल थोडक्यात. अवाढव्य, बोजड माणसाला ‘जंबो’ म्हटल्याची नोंद 1823 ची आहे, म्हणजे हत्तीच्या जन्माच्याही आधीची. मात्र शब्द जगभर पोचवला तो याच हत्तीने, एवढं खरं आहे. आपल्याकडचा रविवारचा जंबो ब्लॉक आणि जंबो मंत्रिमंडळही त्याच वाटेने आलं.

उरतो ‘मुलांचा लाडका, आनंदी हत्ती’. लाडका होताच. 1865 पासून लंडनच्या प्राणिसंग्रहालयात तो मुलांना पाठीवर फिरवायचा. पण रात्री पिंजऱ्यावर धडका मारून त्याने आपले सुळे झिजवले होते. रखवालदार मॅथ्यू स्कॉट त्याला शांत ठेवायला दारू पाजायचा. जंबो आवरणार नाही या धास्तीने 1882 मध्ये तिथल्या व्यवस्थापनाने त्याला 2,000 पौंडांना बार्नमला विकलं, तेव्हा लंडनमध्ये ओरड झाली. पण त्याला काय दुखतंय, हे कुणी विचारलं नाही. त्याचा सांगाडा न्यूयॉर्कच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात आहे. अलीकडे अभ्यासकांनी तो तपासला, तेव्हा मऊ चाऱ्यामुळे दाढा नीट न झिजता वेड्यावाकड्या झालेल्या दिसल्या, म्हणजे दातदुखी कायमचीच असणार. पाठीवर माणसं वाहून हाडांवर ताणाच्या खुणा उमटल्या होत्या, त्याही म्हाताऱ्या हत्तीत दिसाव्यात तशा. मेला तेव्हा जंबो जेमतेम 24-25 वर्षांचा होता आणि त्याची वाढ अजून चालूच होती.