पट्टकृमी फक्त डुकराचे मांस खाणाऱ्यांनाच होतो, हे खोटे आहे

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात राहणाऱ्या माझ्या बहिणीने मुलीला शाळेत जंतांची गोळी देऊ नये, अशी चिठ्ठी बाईंकडे पाठवली. कारण विचारले तेव्हा तिने व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक संदेश पुढे केला. पट्टकृमी (टेपवर्म, म्हणजे फितीसारखा चपटा जंत) हा डुकराचे मांस खाणाऱ्यांचाच रोग आहे. शाकाहारी मुलांना तो झालाच तर कोबीतून होतो, तो किडा उकळूनही मरत नाही आणि मेंदूत चढतो. गोड खाल्ल्याने जंत होतात. शाळेतल्या गोळीने फिट येते, म्हणून पपईच्या बिया द्याव्यात, असे त्यात लिहिले आहे. गोव्यातल्या शिकलेल्या माणसांनीही हा मजकूर न तपासता पुढे पाठवावा, याचा मला संताप येतो.

सर्वांत घातक दावा पहिला आहे, कारण तो अर्धा खरा आहे. पट्टकृमीच्या अळ्या असलेले डुकराचे मांस अर्धेकच्चे खाल्ले, तर आतड्यात काही मीटर लांबीचा कृमी वाढतो, हे बरोबर. मात्र मेंदूचा आजार मांसातून होत नाही. ज्याच्या पोटात कृमी आहे त्याच्या शौचातून अंडी बाहेर पडतात, आणि न धुतलेल्या हातांवरून किंवा दूषित पाण्यातून ती दुसऱ्याच्या पोटात गेली की त्यांतल्या अळ्या रक्तावाटे स्नायूंत, डोळ्यांत आणि मेंदूत जाऊन गाठी करतात. त्या दुसऱ्या माणसाने डुकराच्या मांसाला जन्मात स्पर्श केलेला नसला तरी त्याला आकडी येऊ शकते. १९९२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये न्यू यॉर्कच्या सनातनी ज्यू वस्तीतले चार रुग्ण नोंदवले गेले. धर्माने निषिद्ध असलेले हे मांस त्या घरांत येतच नव्हते. तपासणीत घरकाम करणाऱ्या एका व्यक्तीच्या पोटात पट्टकृमी सापडला. जिथे हा कृमी पसरलेला आहे, अशा अनेक प्रदेशांत अपस्माराच्या सुमारे ३० टक्के रुग्णांमागे तोच असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून शेजारच्या ख्रिस्ती घरातल्या चोरिसांकडे, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजांकडे, बोट दाखवून आपली मुले सुरक्षित मानणे हे अज्ञान तर आहेच, शिवाय शेजाऱ्यावर अन्यायही आहे. आतपर्यंत नीट शिजलेल्या मांसातून हा कृमी होत नाही.

शिवाय लहान मुलांत जगभर सर्वाधिक आढळणारा पट्टकृमी वेगळाच आहे. तो जेमतेम काही सेंटिमीटर लांबीचा, बुटका असतो आणि त्याला डुकराची किंवा गाईची गरजच लागत नाही. शौचानंतर साबणाने हात न धुता एकाच डब्यातले खाणाऱ्या दोन मुलांमध्ये तो सहज पसरतो.

कोबीच्या पानांत पट्टकृमी राहत नाही. पाने उलगडताना दिसणारी हिरवी अळी ही पतंगाची किंवा फुलपाखराची असते आणि तिचा या रोगाशी काहीही संबंध नाही. सांडपाण्यावर वाढलेल्या कच्च्या भाजीला डोळ्यांना न दिसणारी अंडी चिकटलेली असू शकतात, एवढे मान्य करावे लागेल. पण तो धोका काकडी, मुळा, कोथिंबीर या सगळ्यांनाच आहे, आणि उकळल्यावर ती अंडी मरतात. कच्चे खायचे असेल तर वाहत्या पाण्याखाली पान न् पान धुवावे.

गोळीबाबतही एक गोष्ट खरी आहे. मेंदूत आधीपासून गाठी असतील तर शाळेतल्या गोळीतल्या अल्बेंडाझोल या औषधामुळे त्या मरताना सूज येऊन फिट येऊ शकते. ज्या मुलाला पूर्वी आकडी आली असेल त्याला गोळीआधी डॉक्टरांना दाखवावे. आजारी मुलाला त्या दिवशी गोळी न देण्याची सूचना शाळांतून गोळ्या देणाऱ्या सरकारी मोहिमेतच आहे. पण २०१५ पासून चालू असलेली ही राष्ट्रीय मोहीम मुख्यतः गोल जंत, अंकुशकृमी आणि चाबूककृमी यांच्यासाठी आहे, आणि अंकुशकृमी मुलांचे रक्त शोषून त्यांना पंडुरोगी (रक्तक्षयी) करतो. निरोगी मुलीला या गोळीपासून दूर ठेवून बहिणीने काय साधले? पट्टकृमीवर मात्र या एका गोळीचा भरवसा धरता येत नाही. त्यासाठी प्राझिक्वांटेल किंवा निक्लोसामाइड डॉक्टरच वजन पाहून देतात.

गोड खाल्ल्याने जंत होत नाहीत. अंडी किंवा अळ्या शरीरात गेल्याशिवाय जंत होऊच शकत नाहीत. पपईच्या बियांच्या नादात औषध लांबते.

मुलाच्या शौचात पांढरे, चपटे तुकडे दिसले तर ते झाकणाच्या डबीत घालून प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावेत आणि आजी-आजोबांसह घरातल्या प्रत्येकाची शौचतपासणी करून घ्यावी, कारण अंडी पसरवणाऱ्याला स्वतःला बहुधा कसलाच त्रास होत नसतो.