खुलासा: ‘डिस्क बंद झाल्या’ या मेसेजमधलं खरं किती?

आमच्या दादरच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘सोनी आणि नेटफ्लिक्सने डिस्क बंद केल्या, घरातल्या सीडी-डीव्हीडी आता चालणार नाहीत, भंगारात द्या.’ एका काकांनी नाटकांच्या डिस्कची पिशवी खरंच जिन्याखाली आणून ठेवली. काका, ती परत वर न्या.

सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवलं ते रेकॉर्ड करण्यासाठीच्या, म्हणजे कोऱ्या ब्लू-रे डिस्कचं (डीव्हीडीनंतर आलेला, जास्त माहिती मावणारा प्रकार) उत्पादन. सिनेमा छापून येणाऱ्या डिस्कचा त्यात संबंध नाही. आणि कारखाना बंद झाला म्हणून कपाटातली डिस्क कशी बंद पडेल? प्लेअर धड हवा, डिस्कवर चरे नकोत, बस्स.

नेटफ्लिक्सचं म्हणाल तर टपालाने डीव्हीडी भाड्याने देण्याची त्यांची अमेरिकेतली सेवा सप्टेंबर २०२३ मध्ये संपली. आपल्याकडे ती नव्हतीच. इथे ते जानेवारी २०१६ मध्ये थेट स्ट्रीमिंग घेऊन आले. (काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस हे कॅसेट-सीडीचं दुकान त्याच वर्षी बंद झालं. अजून हळहळ वाटते.)

घाई करायचीच तर लग्नाच्या, बारशाच्या डिस्कची करा. दुकानातून आणलेल्या डिस्कवर माहिती ठशासारखी उमटवलेली असते; फोटोवाल्याने बर्न करून दिलेलीत ती रंगाच्या थरात असते. उन्हाने आणि आपल्या दमट हवेने तो थर हळूहळू खराब होतो. त्या आधी हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. नव्या लॅपटॉपला बहुधा डिस्क घालायचा ड्राइव्ह नसतो, यूएसबीवर चालणारा वेगळा मिळतो.