ब्लीड तुमचं, मार्क प्रेसचे

नमस्कार,

एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, बरं वाटलं. तुमचे आक्षेप दोन. प्रेसला फाइल देताना ‘३ मिमी ब्लीड (कापायच्या रेषेबाहेर वाढवलेलं चित्र) द्या, पण क्रॉप मार्क (कुठे कापायचं ते दाखवणाऱ्या कोपऱ्यांतल्या रेघा) काढून टाका’ हे माझं सांगणं अर्धवट ज्ञान आहे, सगळ्या ट्युटोरियलमध्ये दोन्ही जोडीनंच येतं, हा पहिला. दुसरा असा की नाशिकमध्ये कुठल्याही प्रेसला जेपीजी पाठवा, तो करून घेतो. मग नव्या पोरांना कशाला घाबरवता?

दुसऱ्यापासून सुरू करतो. करून घेतो, खरंय. पण काय करतो ते एकदा त्याच्या खुर्चीमागे उभं राहून बघा. कार्ड ८९ बाय ५१ मिमी, तुमची जेपीजीही नेमकी तेवढीच. चारी बाजूंचं ३ मिमी ब्लीड धरून त्याला हवं ९५ बाय ५७. तो कोरलड्रॉ सॉफ्टवेअरमध्ये चित्र धरतो आणि ओढतो. रुंदी वाढते ७ टक्के, उंची १२. गोल लोगोचं अंडं! जरा जपून काम करणारा असेल तर प्रमाण राखून मोठं करतो. मग ५७ उंचीला रुंदी होते ९९.५, आणि दोन्ही बाजूंनी सव्वापाच मिमी सुरीखाली जातं. कडेपासून ३ मिमी आत ठेवलेला मोबाईल नंबर नऊ आकडी होतो. गिऱ्हाईक बोंबलतं ते तुमच्या नावानं.

(नाशिकरोडला नोटा छापतात म्हणून छपाईतलं आपल्याला जन्मतःच कळतं, असा गावात एक समज आहे. असो.)

शिवाय कापताना शीटची जाड थप्पी लागते. दाबपट्टी बसली तरी सुरी उतरताना कागद किंचित ओढला जातो. पावसाळ्यात दमट होऊन फुगतो तो वेगळाच. अर्ध्या-एक मिमीचा फरक कुणाच्या बापाला चुकवता येत नाही, आणि ब्लीड त्यासाठीच असतं. ते चित्रातूनच यावं लागतं, म्हणून ते तुमचं काम.

मार्कचं तसं नाही. व्हिजिटिंग कार्डं बहुतेक गँगमध्ये जातात, एका शीटवर अनेक गिऱ्हाइकांची. मांडणी प्रेस करतं, कटिंगचे मार्कही त्या मांडणीचेच लागतात. तुमचे मार्क शेजारच्या कार्डाच्या ब्लीडवर जाऊन बसतात आणि ऑपरेटर ते पुसत बसतो. इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये तर मार्कचा ऑफसेट (कापायच्या रेषेपासूनचं अंतर) मुळात ६ पॉइंट, म्हणजे २.१ मिमी असतो. ३ मिमी ब्लीडच्या आतच घुसला की तो! द्यायचेच असतील तर ऑफसेट ३ च्या पुढे न्या. कॅनव्हात दोन्ही एकाच टिकमध्ये येतं, तिथे राहू द्या मार्क, ब्लीड गमावण्यापेक्षा बरे.

हां, १३ बाय १९ इंची शीटवर डिजिटल प्रिंट काढून स्वतःच कापणार असाल तर मार्क हवेतच. तिथे तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य.

द्राक्षांच्या खोक्याचं शेवटी विचारलंय. तिथे क्रॉप मार्कचा प्रश्नच नाही, डाय (खोक्याच्या आकाराचा पात्यांचा साचा) कापते. डायवाल्याकडून डायलाइन (त्या साच्याच्या रेषांचा आराखडा) आधी घ्या, ती वेगळ्या स्पॉट कलरमध्ये (नेहमीच्या चार रंगांबाहेरचा स्वतंत्र रंग) ओव्हरप्रिंटवर (खालचा रंग न कापणारी सेटिंग) ठेवा आणि रंग तिच्या बाहेर ३ मिमी न्या. चिकटवायच्या पट्टीवर मात्र तेवढाच, पुढे कोरी सोडा. पूर्ण रंगवून वर वार्निश मारलं तर गोंद धरत नाही.