दाताच्या कण्या

शाळेत बाईंनी 'दाताच्या कण्या करणे' ह्याचा वाक्यात उपयोग करायला सांगितला होता, तेव्हा मी 'आईने दाताच्या कण्या केल्या तरी बंडू ऐकेना' असलं काहीतरी लिहून अर्धा मार्क मिळवला होता. आता वयाच्या 44व्या वर्षी तोच प्रयोग मी प्रत्यक्ष करून दाखवलाय, तोही झोपेत, आणि मार्क देणारी बायको आहे त्यामुळे अर्धासुद्धा मिळाला नाही.

झालं असं की एका सकाळी चहा गाळता गाळता ती म्हणाली, "अहो, तुम्ही रात्री दात खाता."

मी म्हटलं, "कुणावर?"

"ते तुम्हालाच माहीत. तोंड तर माझ्याकडेच होतं."

आता बघा, माझ्यासारखा शांत माणूस साताऱ्यात शोधून सापडणार नाही असं आमच्या बँकेत सगळे म्हणतात. पासबुक प्रिंटिंगचं मशीन बंद असलं की गिऱ्हाइकांसमोर मलाच उभं करतात कारण मी हसून सांगतो. समोरचा माणूस केवायसीचे कागद तिसऱ्यांदा मागितले म्हणून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत असतो आणि मी बसा काका, पाणी घ्या काका, असं चालवतो. त्यामुळे मी दात खातो हा आरोप मी ठामपणे नाकारला, तर दुसऱ्या दिवशी तिने मोबाईलवर रेकॉर्डिंगच ऐकवलं. 40 सेकंदाचं. मी आधी म्हटलं हे गुऱ्हाळाचं आहे, तुझ्या माहेरचं, चरकात ऊस घातल्यावर असाच आवाज येतो करर्र करर्र करून. मग मधेच त्यात मी खोकलो. स्वतःचा खोकला माणूस ओळखतो हो.

बरं एवढ्यावर थांबेल ती बायको कसली, तिने ते रेकॉर्डिंग फॅमिली ग्रुपवर टाकलं. अर्ध्या तासात माझ्या आतल्या स्वभावाची जाहीर चौकशी सुरू झाली. मेव्हणा म्हणाला दाजींच्या मनात राग साठलाय, साडू म्हणाला पित्त आहे, आत्याने नजर काढायला सांगितली, मीठ-मोहरी किती घ्यायची त्याच्या मापासकट. आणि आईने ग्रुपवर न लिहिता थेट खोलीत येऊन निकाल दिला, "जंत झालेत ह्याला. लहानपणीपण असाच दात खायचा. वावडिंग दिलं पाहिजे." माझी मुलगी सातवीत आहे, तिच्या शाळेत 10 फेब्रुवारीला जंतनाशक दिनाची गोळी देतात, तर आईने तिला बजावून ठेवलं की येताना बाबासाठी पण एक मागून आण. ती गोळी 19 वर्षांपर्यंतच्या पोरांसाठी असते हे मुलीने सांगून बघितलं, तर आई म्हणते अगं मग अर्ध्या वर्गाला तर मिशा आल्यात, कोण बघतंय.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं, पण त्याच सुमारास माझा डावा कान दुखायला लागला. सकाळी उठलं की कानशिलं ठणकायची, डोकं असं जड की रात्रभर कुणाचा तरी बिछाना डोक्यावर वाहिलाय, आणि जांभई दिली की कानाजवळ कट्ट. कानाच्या डॉक्टरांनी कानात बॅटरी घालून बघितलं, मग कानाच्या पुढे बोट ठेवून म्हणाले तोंड उघडा, मिटा, उघडा, मिटा. "कान ठणठणीत आहे तुमचा. हा जबड्याचा सांधा बोलतोय. दातवाल्यांकडे जा." फी मात्र कानाचीच घेतली.

दातांच्या डॉक्टर नवीन पोरगी होती, 27-28ची असेल. पहिलंच वाक्य, "काका, आ करा." मी दिवसभर लोकांना काका म्हणतो, मला कुणी म्हणेल असं वाटलंच नव्हतं. तिथेच पहिल्यांदा दात आवळले गेले असावेत. मग ती आत बघत असिस्टंटला दातांचे नंबर सांगायला लागली, थ्री सिक्स फ्लॅट, थ्री सेव्हन फ्लॅट, फोर सिक्स फ्लॅट, थ्री सिक्सचं फिलिंग तडकलंय. मला वाटलं रिअल इस्टेटचं काही चाललंय. मग तिने छोटा आरसा धरून दाखवलं. दाढेवर खरं म्हणजे डोंगर-दऱ्या असतात, त्याच्यावर तर आपण अन्न दळतो, माझ्या दाढांवर डोंगर नव्हतेच. पाचगणीचं टेबललँड. मधे मधे पिवळं दिसत होतं, ते म्हणे वरचं पांढरं इनॅमल झिजून आतला थर उघडा पडलाय. इनॅमल म्हणजे शरीरातला सगळ्यात कडक पदार्थ, हाडापेक्षा कडक, आणि तो मी झोपेत घासून काढला. उठून व्यायाम करायला सांगितलं तर जमत नाही मला. आणि गेलेलं इनॅमल परत उगवत नाही. गार पाणी प्यायलं की मस्तकात का जातं ते त्या दिवशी कळलं, मी आजवर फ्रिजला शिव्या देत होतो.

पुढे तिने गालाच्या आतली पांढरी रेघ दाखवली, जिभेच्या कडेला करंजीच्या कातणीसारखी नक्षी पडली होती ती दाखवली (दातांवर जीभ दाबून धरली की पडते), आणि म्हणाली गालावर बोटं ठेवून दात आवळा. टचकन एक गाठ वर आली, सुपारीएवढी. मी घाबरलो. ती म्हणाली हा चावायचा स्नायू, मॅसेटर, तुमचा जिमला गेल्यासारखा झालाय. सगळ्या शरीरात एकच स्नायू कमावला आणि तो पण असा जागी की कुणाला दाखवता येत नाही.

ह्याला ब्रुक्सिझम म्हणतात. नाव मोठं आहे म्हणून मी जरा सावरून बसलो, घरी जाऊन वाचलं तर मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ दात खाणे. म्हणजे बायकोने जे चहा गाळताना फुकट सांगितलं तेच.

मी डॉक्टरांना एकेक संशयित विचारून घेतला. जंत? नाही. पित्त? पित्त उलटून वर येत असेल तर त्याचा थोडा संबंध असू शकतो म्हणाली, साडूला हे मी अजून सांगितलेलं नाही. दात वाकडे आहेत म्हणून? पूर्वी तसं समजायचे, आता तसं मानत नाहीत. मग तिने नीट सांगितलं, झोपेत मेंदू अधूनमधून काही सेकंद अर्धवट जागा होतो, आपल्याला पत्ता नसतो, ठोके वाढतात आणि पाठोपाठ जबडा चालू होतो. टेन्शन असलं की हे वाढतं, शिवाय चहा-कॉफी, दारू, तंबाखू, डिप्रेशनच्या काही गोळ्या (पण म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, ज्यांनी दिल्या त्यांना विचारायचं), आणि काहीजणांचा झोपेत श्वास अडकतो त्यांच्यातही दिसतं. "काका घोरतात का?" असं तिने बायकोला विचारलं. बायको म्हणाली, "घोरत असते तर बरं झालं असतं हो, घोरण्याची सवय आहे मला, माझे वडील घोरायचे."

आणि एक, जे मला जास्त लागलं. रात्रीचं वेगळं, दिवसाचं वेगळं. दिवसभरात चावताना-गिळताना सगळे मिळून आपले दात एकमेकांना लागायला हवेत ते जेमतेम 20 मिनिटं. बाकी वेळ वरचे-खालचे सुटे, मधे दोनेक मिलिमीटर फट. मी खुर्चीत पडल्या पडल्या विचार केला, 20 मिनिटं तर माझी पोवई नाक्याच्या सिग्नलला जातात.

उपाय म्हणजे नाइट गार्ड, झोपताना दातांवर चढवायचं प्लास्टिकचं कव्हर. त्यासाठी दातांचं माप घेतात. एका लोखंडी ट्रेमध्ये गुलाबी पीठ कालवून ते तोंडात असं कोंबतात की पुरणपोळीचा उंडा गिळताना अडकावा, आणि वरून सांगतात नाकाने श्वास घ्या. समुद्रातल्या शेवाळापासून करतात म्हणे ते पीठ, मला पुदिन्याचा वास आला आणि नंतर बराच वेळ काहीच आलं नाही, डोळ्यातून पाणी सोडून. त्या मापावरून प्लास्टरचे दात करतात आणि त्यावर गार्ड. काम झाल्यावर ते प्लास्टरचे दात मला घरी दिले. आईने ते शोकेसमध्ये मुलीच्या वक्तृत्वाच्या ढालीशेजारी ठेवलेत, आलेल्या माणसाला आधी ढाल दाखवते मग दात.

मेव्हणा म्हणाला होता ऑनलाइन मिळतात, गरम पाण्यात टाकून चावले की झालं, कशाला एवढा खर्च. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाली तसले मऊ असतात, काहीजण ते रात्रभर च्युइंगमसारखे चघळत बसतात. बोटॉक्सचंही विचारून झालं कारण मेव्हण्याने तेही सुचवलं होतं, तर म्हणे त्या स्नायूत इंजेक्शन देतात, तीन-चार महिने तो ढिला पडतो मग परत पहिल्यासारखा, आणि तुमच्यापर्यंत ती वेळ अजून आलेली नाही. गार्डबद्दल तिने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगून टाकली की ह्याने दात खाणं बंद होईलच असं नाही, दात वाचतील. म्हणजे मी खाणारच, फक्त आता दाताऐवजी प्लास्टिक खाणार.

पहिल्या रात्री गार्ड घातला आणि तोंडाला एवढं पाणी सुटलं की लग्नाच्या पंगतीतही सुटलं नव्हतं. बायकोने अंधारात विचारलं, गॅस बंद केलात का? मी म्हटलं, "गॅथ बंद केलाय, झोप थुखाने." ती तोंडावर पांघरूण घेऊन दहा मिनिटं हलत होती.

दिवसाचं काम त्याहून अवघड. ओठ मिटलेले, दात सुटलेले, जीभ वर टाळूला, हे दिवसभर लक्षात ठेवायचं. जीभ नेमकी कुठे? तर डॉक्टर म्हणाली, "सोपंय, 'न' म्हणा. 'न' म्हणताना जीभ टेकते तिथेच ठेवायची." त्यावर बायको पटकन म्हणाली, "तेच तर ह्यांना म्हणता येत नाही. म्हणून तर चुलतभावाच्या कर्जाला जामीन राहिलेत." डॉक्टरांनी हे पण लिहून घेतलं की काय कोण जाणे, काहीतरी लिहिलं खरं.

आठवण राहावी म्हणून नजरेला पडतील अशा जागी ठिपके चिकटवा, ठिपका दिसला की दात तपासा, अशी युक्ती तिने दिली होती. ठिपके कुठून आणायचे, बायकोचं टिकल्यांचं पाकीट उचललं. लाल, मध्यम. एक आरशावर, एक बाइकच्या मीटरवर, बँकेत एक कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात, एक स्टेपलरला आणि एक खास त्या पासबुकच्या मशीनला. आणि काय सांगू, दर वेळी टिकली दिसली की दात आवळलेलेच सापडायचे. खड्डा आला, आवळलेले. ओटीपी येईना, आवळलेले. सुईत दोरा ओवताना, टाय बांधताना, एवढंच काय सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरचा मेसेज नुसता वाचताना. मी शांत माणूस आहे ह्या समजुतीला तिथे पहिला तडा गेला, थ्री सिक्सच्या फिलिंगसारखा.

बँकेत अर्थात चर्चा झाली. मॅनेजर साहेबांनी केबिनमध्ये बोलावून हळूच विचारलं, घरी सगळं ठीक ना? एक आजी पेन्शनला येतात त्यांनी मशीनवरची टिकली बघितली आणि म्हणाल्या, खंडेनवमीचं कुंकू अजून पुसलं नाही का रे, आणि मशीनला हात जोडले. त्या दिवशी मशीन चाललं. पुढच्या महिन्यात त्या येताना हळदपण घेऊन आल्या.

बाकी पथ्यं सोपी होती. पाचनंतर चहा बंद (हे सोपं नव्हतं, खोटं कशाला बोलू), झोपायच्या आधी गालाला गरम पाण्यात पिळलेला नॅपकिन, बोटांनी त्या गाठीला गोल गोल मालिश, मोठी जांभई आली की हनुवटीला मूठ लावायची. चिक्की, फुटाणे, कडक चकली बंद. पेढ्याचं मी मुद्दाम विचारलं. कंदी पेढा चालेल म्हणाली. साताऱ्यात प्रॅक्टिस करायची म्हणजे तेवढं ठेवावंच लागत असेल.

कान महिन्या-दीड महिन्यात थांबला. कानशिलं आता सोमवारची तेवढी दुखतात. बायको म्हणते आवाज आता करर्र येत नाही, चपला घासत कोणीतरी चालल्यासारखा येतो, त्याचं मात्र रेकॉर्डिंग करत नाही.

आठ महिन्यांनी तपासायला गेलो, सांगितल्याप्रमाणे गार्ड बरोबर नेला. डॉक्टरांनी तो दिव्याखाली धरून फिरवला. नवीन होता तेव्हा काचेसारखा गुळगुळीत होता, आता त्यावर पाट्याला टाकी लावल्यासारखे चरे. ती नुसते चरे बघत होती, मला तारखा दिसत होत्या. हा उजवीकडचा बारीक बारीक सगळा मार्च एंड. हा मधला, मुलीने सायकलवरून पडून हात मोडून घेतला तेव्हाचा. आणि हा डावीकडचा खोल, हा चुलतभावाचे तीन हप्ते थकून माझ्याच बँकेची नोटीस माझ्याच टेबलावर मलाच देण्यासाठी आली त्या आठवड्याचा. मी ती नोटीस स्वतःला हसून दिली होती, पाणी घ्या काका म्हणायचं तेवढं राहिलं होतं.

"काका, इथे भोक पडायला आलंय," ती म्हणाली. "नवीन करावा लागेल." आणि आकडा सांगितला. मागच्या वेळेपेक्षा जास्त होता.

मी मान डोलावली, हसलोसुद्धा.

ती दिवा बाजूला करत म्हणाली, "आत्ता दात कुठे आहेत काका?"

लागलेले होते.