पोलीस पाठवा, पण आधी भाडेकरूच्या हातात कागद द्या

नमस्कार. धोकादायक चाळींवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, 'माणसं मेल्यावर हक्क काय चाटायचे? वीज-पाणी तोडा, पोलीस आणा, इमारत रिकामी करा. भाडेकरू लोभापायी अडून बसतात.'

निम्मं मला मान्य आहे. इमारत सी-१ ठरली, म्हणजे राहण्याजोगी उरली नाही, की खालून शाळेत जाणाऱ्या पोराचा जीव टांगणीला लावण्याचा हक्क कुणालाच नाही. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ जण गेले. ती पुनर्विकासाच्या योजनेत होती, काही कुटुंबं आधीच हलली होती, तरी आत माणसं राहतच होती.

पण लोभ? जिन्याला लोखंडी टेकू, मोरीच्या भिंतीत बोट जाईल एवढी भेग, छताचा गिलावा पडून उघड्या पडलेल्या गंजक्या सळया. अशा खोलीत पावसाळ्यात हौसेने कोण झोपतं? धोका त्यांना आपल्यापेक्षा चांगला कळतो. त्यांना भीती असते ती पागडीची, म्हणजे मालकाला एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्यावर घेतलेली, खोली एकदा सोडली की कायमची जाईल याची. गिरगावातून दूर गोराईच्या संक्रमण शिबिरात, म्हणजे तात्पुरत्या घरांत, गेलेल्यांची मुलं तिथेच मोठी झालेली त्यांनी पाहिलेली असतात.

आणि इमारत धोकादायक ठरवून घेण्यात मालकाचाही फायदा असू शकतो, कारण त्यामुळे भाडेकरू बाहेर पडतात, हे विसरू नका. म्हणूनच मालकाचा आणि भाडेकरूंचा स्ट्रक्चरल ऑडिट अहवाल, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, जुळला नाही, तर प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५४ ची, म्हणजे धोकादायक इमारत पाडण्याची, नोटीस लागून इमारत पाडली, तरी भाडेकरूचा हक्क संपत नाही. पाडण्याआधी प्रत्येक खोलीचं क्षेत्रफळ मोजून नोंदवायचं, हेही उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये घालून दिलंय.

मग नोटीस चिकटवायला येणाऱ्यांनीच टेप घेऊन यावं. मोजमापाचा सही-शिक्क्याचा कागद त्याच दिवशी द्यावा, तात्पुरती जागा मुलांच्या शाळेपासून फार लांब नसावी. आधी नळ तोडून कागद नंतर, असं केलं की म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात आणि उरलासुरला विश्वासही जातो.

तुमचा शेवटचा प्रश्न होता, 'तरीही कुणी हललं नाही तर?' कागद हातात आहे, जागा ठरली आहे आणि तरीही नाही, तर पोलिसांनी उचलून बाहेर काढावं. त्या भाडेकरूच्या बाजूने मी एक ओळही लिहिणार नाही.